एका सरीतलं पाचट

कळंबच्या शाळेतल्या त्या बाईंवर मी जळायचे, हे आधीच सांगून टाकते. महिन्यातून एकदा मी बारामतीहून शाळाशाळांत जायचे आणि शिक्षकांना पर्यावरणाचे उपक्रम शिकवायचे. तक्ते, प्रोजेक्टर, माती तपासायची पेटी, सगळा जामानिमा माझ्याकडे. तशीच एक पेटी मी बाईंच्या शाळेलाही दिली होती, ती त्यांनी वर्षभर कपाटाबाहेर काढली नाही. पाचवीतल्या प्रत्येक पोराला त्यांनी एकच काम दिलं होतं. ऊस तुटून गेला की घरच्यांकडे रानातली एक सरी, म्हणजे उसाची एक ओळ, मागायची. तेवढ्या सरीतलं पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं, पेटवायचं नाही, तसंच पसरायचं. मग दर शनिवारी तिथली आणि शेजारच्या जळालेल्या सरीतली माती मुठीत धरून बघायची.

माझ्या तक्त्यांसमोर पोरं जांभया द्यायची आणि आपल्या सरीबद्दल बोलायला लागली की थांबायची नाहीत. दुसऱ्या वर्षी तर काही घरांनी सगळं रान न पेटवता ठेवलं. माझा नुसता तिळपापड. अहवालात मी लिहिलं, ‘उपक्रम फारच छोटा आहे.’

खरं दुखणं वेगळंच होतं. वडगावला आमच्याच रानात दरवर्षी पाचट पेटायचं. वडिलांना, म्हणजे तात्यांना, समजावून मी थकले. शेवटी बाईंची नक्कल करून एक सरी मागितली. तात्या हसले. “एकच कशाला, आख्खं रान घे की. पण पेटवून झाल्याव.”

यंदा आमची ऊसतोड चार दिवसांवर आली होती, तेव्हा कळंबच्या वर्गात एका मुलीनं विचारलं, “मॅडम, तुमच्या रानात पाचट जाळत्यात का वो?”

“नाही,” मी म्हणाले. शेजारी बाई उभ्या होत्या, दुसरं काही तोंडातून निघेना.

बाईंचा चेहरा खुलला. “मग पुढच्या शनिवारी सहल मॅडमच्या रानात!” पोरांनी टाळ्या वाजवल्या.

आता कुठं तोंड लपवणार? सगळं खरं सांगून टाकलं. ती मुलगी पुढं आली. “तुमी तात्यास्नी काय म्हणला व्हता?”

“जमिनीचा कस जातो, जिवाणू मरतात, सगळं नीट समजावलं.”

“आमचं आबाबी न्हायच म्हणत व्हतं. मग मी म्हणलं, आबा, मला न्हाय येत, तुमीच पसरून दाखवा. त्येंनी पसरलं, आन् म्हणलं, ऱ्हाऊ दे आता हितं.”

एकट्या बाईंचा हेवा पुरत नव्हता म्हणून की काय, आता त्या दहा वर्षांच्या पोरीचाही वाटायला लागला. कॉलेजात गेल्यापासून मी तात्यांना फक्त सांगतच आले होते. वडगावच्या एसटीत बसून ‘मला नाही येत’ एवढे तीन शब्द मी घोकत राहिले, आणि गाव आलं तरी ते माझ्या जिभेवर बसेनात.