खालच्या फळीवरची तुओवी

तुओवीला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती माझे तळवे निरखत होती. तळ्याकाठच्या आमच्या मंडळाच्या सौनात, म्हणजे वाफ घ्यायच्या लाकडी खोलीत, मी वरच्या फळीवर, पाय कठड्यावर टाकून बसले होते. खालच्या फळीवर एक नवी बाई होती. खाली वाफ कमी लागते, तिथे लहान मुलं नाहीतर पाहुणे बसतात, म्हणून मी तिला आपुलकीने वर बोलावलं.

"नको, इथून नीट दिसतं," ती म्हणाली, आणि तुमच्या उजव्या टाचेला भेग पडलीय, मलम लावा, असंही त्याच दमात सांगून मोकळी झाली. नावं आम्ही एकमेकींना नंतर सांगितली.

ती आरोग्य केंद्रात पायांची परिचारिका होती. गावात मधुमेही पुष्कळ. त्यांना पाय सांभाळायला शिकवणं हे तिचं काम. पण केंद्रात वर्ग ठेवला की खुर्च्या रिकाम्या, आणि जे येत ते मोजे काढायला लाजत. मग तिने वर्गच सौनात आणला. इथे मोजे कोणाच्याच पायात नसतात. वाफेत बसल्या बसल्या ती सांगायची: बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, बुटात पाय घालण्याआधी हात घालून बघा, झोपताना तळव्याखाली आरसा धरा. मी जन्मभर शाळेत शिकवलं, पण विद्यार्थ्यांना घामाने निथळत जागेवर बसवायची ही युक्ती मला कधी सुचली नाही.

तिच्या हाती लागत नव्हता तो एकटा ओइवा. लाकडाचे ट्रक चालवून निवृत्त झालेला, दांडगा गडी, शुगर जुनी. तिला खिजवायला तो मुद्दाम पाय टॉवेलात गुंडाळून बसायचा.

सौनातून तळ्यावरचा बर्फ कापून केलेल्या डोहात डुबकी मारायला जाताना आम्ही सगळे लोकरीचे मोजे नाहीतर रबरी सपाता घालतो. घसरू नये म्हणून वाटेवर बारीक खडी टाकलेली असते. ओइवा मात्र अनवाणी जायचा, आणि वर बर्फावर उभा राहून निवांत गप्पा मारायचा. थंडी सोसणाऱ्याचं आमच्याकडे भारी कौतुक. मंडळाने त्याला हिवाळ्याचा राजा करून कागदी मुकुटसुद्धा घातला होता.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी तुओवीने त्याला तसं उभं पाहिलं. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बाई, त्याला थंडी सोसत नाहीये. त्याला ती कळतच नाहीये. आज पाय बघितला नाही, तर तो पाय जायचा."

सौनानंतर आम्ही शेकोटीच्या खोलीत सॉसेज भाजतो. तिथे तिने स्पर्धा जाहीर केली. डोळे मिटून पाय पुढे करायचे, तिने तळव्याला काही टेकवलं की "हो" म्हणायचं. जो चटकन ओळखेल त्याला तिचं सॉसेज. स्पर्धा म्हटल्यावर ओइवा मागे राहणं शक्यच नव्हतं, आणि हे तिला ठाऊक होतं.

तिच्या हातात नायलॉनचा जाड तंतू लावलेली काडी होती. माझी पाळी आधी झाली. मी "हो, हो" करत सुटले. सगळ्यांचं तसंच, खोलीत नुसता हलकल्लोळ. मग ती ओइवासमोर बसली. तंतू अंगठ्याला टेकला, वाकला. चवड्याला टेकला. टाचेला टेकला. ओइवा डोळे मिटून हसतच होता.

"सुरू कर की गं," तो म्हणाला, "झोप लागेल मला."

"डोळे उघड, ओइवा," तुओवी म्हणाली. "माझं झालं सगळं."

तिने त्याचा पाय मांडीवर घेऊन दिव्याकडे वळवला. अंगठ्याच्या मुळाशी खडीची एक कपची मांसात रुतली होती. भोवती ओलं, आणि लाली पार वर चढलेली.

"ही कधी घुसली?" त्याचा आवाज बारीक झाला होता.

"तुझा पाय सांगायचा बंद झालाय. आता रोज तुलाच बघायला हवं."

मग जी धावपळ उडाली! एकजण अंघोळीच्या झग्यातच गाडी काढायला धावला, ओल्या केसांचा बाहेर पडताक्षणी बर्फ झाला. मागच्या सीटवर ओइवाचा पाय तुओवीच्या मांडीवर, तिच्या कानाला फोन, इस्पितळात डॉक्टरला थांबवून ठेवलेलं. आणि ओइवाच्या हातात तिचं सॉसेज. कोणी दिलं देव जाणे. आठवडाभर उशीर झाला असता तर पाय कापावा लागला असता, असं डॉक्टर म्हणाले. कपची निघाली, पाय राहिला. जखम भरायला मात्र जुलैत स्ट्रॉबेरी पिकेपर्यंत वेळ लागला.

पुढच्या हिवाळ्यात ओइवा लाल रबरी सपाता घालून आला आणि सरळ खालच्या फळीवर तुओवीशेजारी बसला. कोणी नवा गडी अनवाणी दिसला की आता तोच हाक मारतो, "ए राजा, आधी तळवा दाखव."

तुओवी गेल्या वर्षी निवृत्त झाली. तिला संध्याकाळी दिसायला त्रास होतो, म्हणून गुरुवारी ओइवा तिला त्याच्या गाडीतून सौनात आणतो.