कुरकुरणारी फळी

सुतारकाकूंनी राहतं घर पॅगोड्याला दान केलं, तेव्हा त्यांच्या दिरांनी कपाळाला हात लावला. वहिनींचं डोकं ठिकाणावर आहे ना, असं ते चारचौघांत विचारत सुटले. अहो, चांगलं ठिकाणावर होतं! घर सबंध लाकडाचं, सुतारकाकांनी स्वतःच्या हातांनी उभारलेलं. काका गेल्यावर दिरांना ते पाडून लाकूड विकायचं होतं, आणि तिकडे भंतेजींना वंदनेसाठी सभागृह हवं होतं. नवऱ्याचं काम कुठेतरी ताठ उभं राहावं, एवढंच बाईला वाटत होतं. मग काय, घर सुटं होऊन हातगाड्यांवरून पॅगोड्याच्या आवारात गेलं, आणि काकू दिरांच्याच मागच्या खोलीत राहायला गेल्या. दीर कुरकुरले खरे, पण खोलीत चांगली खाट त्यांनीच आणून ठेवली.

घर पुन्हा जोडलं मोठ्या मिस्त्रीने. तो काकांच्याच हाताखाली तयार झालेला. गुरूचं घर म्हणून त्याने जीव ओतला. मधल्या भिंती काढल्या, खांब घासले, सगळ्याला पॉलिश केलं. जो तो म्हणे, काय देखणं झालंय! काकूही तेच म्हणाल्या. पण खांबांवरून हात फिरवत हिंडताना त्यांना आपला माणूस कुठे सापडेचना.

"आणि काकू, दारातली ती फळीसुद्धा नीट केली बरं का," मिस्त्री कौतुकाने म्हणाला.

ती फळी म्हणजे उंबऱ्याच्या आतली पहिलीच. पाय पडला की कुरकुरायची. गावभरची दारं-खिडक्या दुरुस्त करता आणि स्वतःच्या घरात दिव्याखाली अंधार, म्हणून काकूंनी जन्मभर कटकट केली. काका म्हणत, उद्या करतो. तो उद्या काही उजाडला नाही. मात्र फळी कुरकुरली की काकू मागे वळून न बघताच ताट वाढायला घेत.

त्या रात्री काकू रडल्या. जावेने विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "घर दिलं त्याचं काही नाही गं. त्यांचं येणं तेवढं राहायला हवं होतं."

तरी वंदनेला त्या रोज जात. लाकूड ते लाकूडच. ऊनवाऱ्यात फुगलं, आकसलं. एका संध्याकाळी सगळे डोळे मिटून शांत बसले होते. कुणीतरी उशिरा, दबकत आत पाय टाकला, आणि फळी कुरकुरली.

"आलात? हातपाय धुऊन घ्या, वाढते," काकू बोलून गेल्या.

सभागृहात खसखस पिकली. भंतेजींनाही हसू आवरेना. काकू लाजल्या, मग स्वतःच पोट धरून हसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

उशिरा आलेला होता मोठा मिस्त्रीच. बिचारा ओशाळला. दुसऱ्या दिवशी हातोडी आणि खिळे घेऊन हजर! बघतो तर काकू त्या फळीवर फतकल मारून बसलेल्या.

"उद्या कर," त्या म्हणाल्या.