जंगूनं सांगितलेली रीत

कोरपन्याच्या पलीकडे, जिथं सिमेंटच्या कारखान्यांची धूळ संपते आणि सागवान सुरू होतं, तिथल्या एका आश्रमशाळेत जंगू सिडाम सव्वीस वर्षं स्वयंपाकी आहे. दोनशे पोरांचं वरण ढवळता ढवळता मास्तर लोकांशी बोलून त्याचं मराठी चांगलंच सुधारलं. त्यामुळे गावात बाहेरचं कुणी आलं, की लोक बोट दाखवत, जंगूकडे जा. पाणी मोजणारा आला, जंगू. माणसं मोजणारा आला, जंगू. शेवटी संस्कृती मोजणाराही आलाच.

बारा वर्षांपूर्वी आलेल्या त्या माणसाचं नाव राजदीप. कुठल्याशा कॉलेजात समाजशास्त्र शिकवायचा आणि मुलांना लागणारं पुस्तक लिहीत होता. चालीरीती, श्रद्धा, नातेसंबंध, सत्ता, प्रत्येकाचं एक प्रकरण, आणि प्रत्येक प्रकरणाला एक उदाहरण हवं. माणूस वाईट नव्हता. नम्र होता, खाली बसून जेवायचा, भाकरीचं कौतुक करायचा. तीन दिवस राहिला आणि तिसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, "जंगूभाऊ, तुम्हा गोंडांत माणूस मेल्यावर त्याला देवांत कसं मिळवतात?"

जंगूची पंचाईत झाली. ही गोष्ट कुळाच्या बाहेर सांगायची नसते. कुळातल्याही बायकापोरींना ती पूर्ण ठाऊक नसते. पण पाहुण्याला तोंडावर नाही म्हणणं, हेही त्याच्या घराण्यात कुणी केलेलं नव्हतं. मग त्यानं तिसरीच वाट काढली. त्यानं थाप मारली.

"मेलेल्याची चप्पल मोहाच्या झाडाले टांगतो जी," तो म्हणाला. "नऊ दिवस. रोज सकाळी सुनेनं तिच्यावर पाणी टाकाचं, अन् पाणी गळेवरी कोनाशी बोलाचं नाई."

राजदीप भराभरा लिहीत गेला. माणूस इतका खूश होतोय हे बघून जंगूलाही चेव आला. त्यानं उजव्या-डाव्या चपलेचा नियम घातला, पुरुषाची उजवी, बाईची डावी. फोटोसाठी स्वतःची चप्पल काढून झाडाला टांगली आणि गंभीर तोंड करून शेजारी उभा राहिला. त्या रात्री गावानं पोट धरधरून हसून घेतलं. त्याचा चुलतभाऊ लालसू, जो कुळाच्या देवाचा पुजारी, तोसुद्धा हसला. म्हणाला, "बरं केलं. देव वाचला."

या वर्षी जंगूची मुलगी दिव्यानी बारावी झाली आणि तिला नर्सिंगला जागा मिळाली. शाळेतल्या पोरांना तापात औषध पाजता पाजता तिनं लहानपणीच हे ठरवून टाकलं होतं. जागा टिकवायला जमातीच्या दाखल्याची पडताळणी हवी होती, आणि तीही महिन्याभरात. आजोबाचा शाळेचा दाखला आणा, कमिटीनं सांगितलं. आजोबाच्या काळात गावात शाळाच नव्हती, तर दाखला काय झाडाला लागणार होता? मग कमिटी म्हणाली, ठीक आहे, मुलीला तिच्या संस्कृतीबद्दल विचारू. कुळातला एक जाणता माणूस साक्षीला आणा.

लालसू कोरं धोतर नेसून आला. दिव्यानीनं कुळाचे देव किती ते सांगितलं, कुणाशी सोयरीक होते नि कुणाशी होत नाही ते सांगितलं, गोंडीत चार वाक्यं बोलून दाखवली. टेबलापलीकडच्या बाईंच्या समोर एक पुस्तक उघडं होतं.

"मृताची चप्पल कुठं टांगतात?"

दिव्यानीला वाटलं, बाई गंमत करतायत. ती हसली. "असं काई नसते मॅडम आमच्यात."

बाईंनी कागदावर फुली मारली. "उजवी की डावी, तेही माहीत नाही?"

मागं बसलेल्या जंगूनं मान वर केली. बारा वर्षांत त्याला त्या थापेची आठवणही राहिली नव्हती. तो उठून टेबलाशी गेला. पुस्तकातल्या फोटोत तोच होता, बारा वर्षांनी तरुण आणि गंभीर.

"मॅडम, हे मीच सांगलो होतो. खोटं हाय ते. मजाक केली होती."

"म्हणजे तुम्ही संशोधकाशी खोटं बोललात?"

"हाव जी."

"मग आत्ता खरं बोलताय हे कशावरून?" बाई शांतपणे म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "खरं काय ते सांगा. लिहून घेऊ."

जंगूनं मुलीकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघत होती, अजून घाबरलेली नव्हती, बाबा आता सगळं नीट करतील असंच तिला वाटत होतं. लालसू हळूच गोंडीत म्हणाला, बोलू नको. जंगू बोलला. देवाच्या ठाण्यावर काय होतं, कोण काय उचलतं, काय पुटपुटतात, सगळं त्यानं दोन कारकुनांसमोर, पंख्याच्या खडखडाटात सांगून टाकलं. ते मी इथं लिहिणार नाही. लिहिल्यावर काय होतं ते आपण बघतोच आहोत.

तो थांबला तेव्हा लालसू खोलीत नव्हता. साक्षीचा कागद सही न करताच टेबलावर पडला होता.

बाईंनी पुस्तकाची पानं मागं-पुढं केली. "यातलं काहीच इथं नाही," त्या म्हणाल्या. "पंधरा दिवसांनी परत या. अभ्यास करून या."

त्या पंधरा दिवसांत लालसूनं निरोप धाडला की जंगूनं देवाच्या ठाण्याकडे पाऊल टाकायचं नाही. जंगूनं निमूट ऐकलं. त्याला तेव्हा फक्त मुलीची जागा दिसत होती. त्यानं पुस्तकाच्या त्या पानांची झेरॉक्स आणली आणि चुलीपाशी बसून स्वतःचीच थाप पोरीकडून घोकून घेतली. नऊ दिवस. पुरुषाची उजवी. सून बोलत नाही. दिव्यानी रडवेली व्हायची, तो पुन्हा म्हणायला लावायचा. एकदा ती डावी-उजवी चुकली तर त्यानं तिला थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा.

दुसऱ्या तारखेला ती एका दमात सगळं बोलली. कुठं अडखळली नाही. बाईंनी ऐकून घेतलं, मग मागचा कागद काढला.

"गेल्या वेळी म्हणालीस असं काही नसतं. आज पुस्तकातल्या शब्दांत सांगतेस. खऱ्या माणसाला स्वतःची संस्कृती पाठ करावी लागत नाही, बेटा."

आदेश टपालानं आला. जंगूला तसलं सरकारी मराठी धड वाचता येत नाही, म्हणून अंगणात दिव्यानीनंच तो वाचला. अर्जदार व तिचे वडील यांना जमातीच्या चालीरीतींचे ज्ञान नाही, सबब दावा अमान्य. नर्सिंगची जागा त्याच्या आदल्या दिवशीच दुसऱ्या मुलीला गेली होती.

"वरच्या कोर्टात जाऊ आपुन," जंगू म्हणाला. "मी सांगतो ना त्याइले."

"आता काय सांगान बाबा?" दिव्यानी म्हणाली. "खोटं सांगून झालं, खरंबी सांगून झालं. तुमच्यापाशी आता सांगाले काई उरलं हाय का?"

जंगूला रडू आलं आणि ते त्यानं लपवलं नाही. दिव्यानीनं कागदाची घडी घातली, त्याच्या हातात दिली आणि आत जाऊन शाळेसाठी तांदूळ निवडायला बसली. पुढच्या महिन्यात शाळेच्या स्वयंपाकघरात मदतनीस म्हणून तिचंच नाव लागलं.