दोन माणसांचा तंबू

नाव: ट्वेट, ऑर्लिन. वय: चौऱ्याहत्तर. राहणार: हेग्रे, उत्तर मिनेसोटा. वैवाहिक स्थिती: विधुर. व्यवसाय: निवृत्त बसचालक (शाळेची बस, एकतीस वर्षं, अपघात शून्य). मासेमारीचा परवाना: वार्षिक, वैध. बर्फावरील निवारा: सुटा, घडीचा, घसरगाडीसह. क्षमता: व्यक्ती दोन. तपासणीच्या वेळी उपस्थित: व्यक्ती एक. शेरा: सर्व नियमानुसार.

हे मत्स्य खात्याच्या एका तरुण अधिकाऱ्याने हेग्रे तलावावर, उणे अठरा तापमानात, पेन बगलेत ऊब देऊन देऊन लिहिलं. त्यात एकही चूक नाही. शेऱ्याच्या रकान्यात जेमतेम दीड इंच जागा असते, तेवढ्यात ऑर्लिन मावत नाही, एवढंच.

हेग्रे गावात कुणाला काही देऊ करायचं असेल तर तीनदा विचारावं लागतं. पहिल्यांदा विचारतात ते रीत म्हणून, आणि समोरचा नको म्हणतो तेही रीत म्हणून. दुसऱ्यांदा विचारतात ते पहिलं विचारणं अगदीच वरवरचं नव्हतं हे दाखवायला. तेव्हाही नकोच. तिसरं विचारणं मात्र खरं, आणि त्यावरचं उत्तरही खरं. कॉफीचा दुसरा कप असो, उसना ट्रॅक्टर असो, की लग्नाची मागणी, सगळ्याला हाच कायदा. तो कुठे लिहिलेला नसल्यामुळे सहसा कुणी मोडत नाही.

ऑर्लिनची पंचाईत अशी की त्याला दोनपर्यंतच येत असे. तिसऱ्याला नाही म्हटलं तर ते खरंच नाही असतं, आणि ते ऐकायची त्याची छाती नव्हती. त्यामुळे तिसरं विचारायचं काम त्याची बायको अर्लिस करायची. लग्नाच्या वेळीसुद्धा तू दोनदाच विचारलंस, तिसऱ्यांदा मीच तुला विचारलं, असं ती चारचौघांत सांगायची. तेव्हा ऑर्लिन कॉफी ढवळत बसायचा. तो कॉफीत काहीच घालत नसे.

त्यांची एक लाकडी खोपटी होती, आत बसून बर्फाला पाडलेल्या भोकातून मासे धरायची. तलाव गोठला की ती ट्रकने ओढत बर्फावर न्यायची आणि मार्चपर्यंत तिथेच ठेवायची. दर शनिवारी सकाळी जाताना शेजारच्या लोवेल हाउगेनच्या दारात गाडी थांबे. लोवेल टपाल वाटायचा. लग्न केलं नाही, आई असेपर्यंत आईजवळ राहिला आणि आई गेल्यावर त्याच घरात राहिला.

"येतोस का, लोवेल?" ऑर्लिन विचारी.

"छे रे, तुम्हा दोघांत माझी कशाला अडचण."

"चल की."

"नको, घरात कामं पडलीत."

मग गाडीच्या काचेतून अर्लिस ओरडे, "लोवेल, बूट घाल!"

बूट त्याच्या पायात आधीच असायचे. हे वीस हिवाळे, दर शनिवारी, पुन्हा पहिल्या प्रश्नापासून चाले.

अर्लिस गेली त्याला दोन हिवाळे होऊन गेले. ते दोन्ही हिवाळे ऑर्लिन बर्फावर गेला नाही. खोपटी परसात उभी राहून तळातून कुजली. यंदा शरदात त्याने ती फळी फळी करून सोडवली आणि शेगडीत जाळली. मग नोव्हेंबरात हायवेवरच्या दुकानात नवा तंबू बघायला गेला.

त्या दिवसांत त्या दुकानात गालिच्यावरच तंबू मांडलेले असतात आणि गावातले पुरुष एकेकात शिरून, चेन लावून, नुसते बसून राहतात. आतून काही आवाज येत नाही. चर्चमध्येही इतकी शांतता मिळत नाही, आणि तिथे आसनं कडक.

काउंटरवर मार्नी होती. लहानपणी ती ऑर्लिनच्या बसमध्ये असायची, शेवटच्या थांब्यावरची.

"मिस्टर ट्वेट, तासभर झाला. एकट्याच्या तंबूत बसलात, दोघांच्या बसलात, परत एकट्याच्या. उबवताय का काय?"

"एकट्याचा हलका आहे."

"आहेच. घसरगाडीसकट तुम्ही एकटे ओढाल. दोघांचा ओढायला दोघं लागतात. तेव्हा तंबू मागाहून ठरवा. बरोबर कोण येणार ते आधी सांगा."

"लोवेलला विचारलंय."

"कितीदा?"

"चर्चमध्ये कॉफीच्या वेळी एकदा. मग टपाल कार्यालयात."

"म्हणजे दोनदा."

"दोनदा."

"म्हणजे विचारलेलंच नाही," मार्नी म्हणाली.

ऑर्लिन पुन्हा दोघांच्या तंबूत शिरला. शेजारचं आसन रिकामं होतं. वर पारदर्शक प्लास्टिक चढवलेलं. त्याने त्यावर हात ठेवला तेव्हा ते कुरकुरलं. एकट्याचा घेतला तर लोवेलला विचारायचा प्रश्नच मिटत होता, आणि तेच त्याला नको होतं. बाहेर येऊन तो म्हणाला, "दोघांचा दे."

"भिजला नसेल तर तीस दिवसांत परत घेतो," मार्नी म्हणाली. "तोवर आसनांवरचं प्लास्टिक काढू नका. आणि मिस्टर ट्वेट, आता इथून सरळ त्यांच्याकडे जा. कुठे थांबू नका."

तो सरळ गेला. वाटेत आरशात बघून तिसऱ्या विचारण्याची तालीम केली. "लोवेल, शेवटचं विचारतो." यात धमकी वाटत होती. "लोवेल, तुझी मर्जी असेल तर." हे तर पहिल्यापेक्षाही पातळ झालं. "बूट घाल" हे अर्लिसचं होतं, ते त्याने तोंडात घेतलं नाही.

लोवेलच्या गॅरेजचं दार उघडं होतं. तो आत गुडघ्यांवर बसून एका निळ्या तंबूची घडी घालत होता.

"नवा?" ऑर्लिनने विचारलं.

"कालच आला, टपालाने. सदतीस वर्षं लोकांची खोकी वाहिली, म्हटलं एक आपलंही येऊ दे."

"एकट्याचा दिसतोय."

"एकट्याचाच. तू नंतर काही बोलला नाहीस. वाटलं, तुझं दुसऱ्या कुणाशी ठरलं."

एवढ्यात लोवेलची नजर ट्रकच्या मागच्या बाजूला गेली. तिथे लांबलचक खोकं होतं, आणि त्यावर दोन हसऱ्या माणसांचं चित्र.

"दोघांचा," लोवेल म्हणाला.

"हो."

"म्हणजे ठरलंच."

इथे एका शब्दाने काम झालं असतं. ऑर्लिन म्हणाला, "बघू." मग दोघांनी पाऊण तास निळ्या तंबूच्या चेनवर चर्चा केली. चेन चांगली होती. थंडीत अडकणारी वाटत नव्हती, यावर दोघांचंही एकमत झालं.

डिसेंबरात बर्फ सहा इंच धरलं. त्या शनिवारी ऑर्लिन तंबू ओढत निघाला आणि काठाजवळच्या भेगेत घसरगाडी रुतली. त्याने दोनदा हिसका दिला. तिसऱ्याला दोर हलका लागला. मागे वळून बघतो तर लोवेल मागून ढकलत होता. हातभार लावायला हेग्रेत कुणी विचारत नाही. न बोलता लावतात, आणि त्याचा उल्लेखही करत नाहीत. दुसऱ्या हाताने तो आपला निळा तंबू मागे ओढत होता.

जागेवर पोचल्यावर लोवेलने गिरमिट सुरू करून ऑर्लिनच्या तंबूत बर्फाला भोक पाडलं. मग शेजारी दुसरं पाडलं.

"दुसरं कशाला?"

"तुझा माणूस येईल ना. त्याला येऊन खटपट नको."

भोकातलं काळं पाणी वर आलं आणि तंबूच्या कडेखाली पसरत गेलं. ऑर्लिन थर्मास काढून उभा राहिला.

"कॉफी घेतोस?"

"नको, माझी आणलीय मी."

"थोडीशी. गरम आहे."

"नको. तुझ्या माणसाला लागेल."

तलाव खोलवर कुठेतरी घुमला. बर्फ वाढताना घुमतं तसा. लोवेल एक हातमोजा काढून पुन्हा घालत होता. तो काढायचं काही कारण नव्हतं. ऑर्लिनने तोंड उघडलं. थंड हवा दातांना लागली. त्याने थर्मासचं झाकण घट्ट केलं. आधीच घट्ट होतं.

"बरं तर," लोवेल म्हणाला आणि गेला.

तो अकरा पावलांवर थांबला आणि तिथे त्याने आपला तंबू उभारला. वारा वायव्येचा असल्यामुळे दोघांचीही दारं आग्नेयेला, म्हणजे ऑर्लिनला दारातून लोवेलच्या तंबूची पाठ दिसे. दर अर्ध्या तासाने कापडाच्या भिंतीतून आवाज येई, "गळाला काही लागलं का?" आणि ऑर्लिन उत्तर देई, "नाही." मग ऑर्लिन विचारी, आणि लोवेलचंही उत्तर तेच. पुढच्या शनिवारी तसंच. त्याच्या पुढच्याही.

त्याच तिसऱ्या शनिवारी दुपारी मत्स्य खात्याचा अधिकारी आला. परवाना बघितला, तंबूवर नाव-पत्ता लिहिलाय का बघितलं, भोकं मोजली.

"दोघांचा तंबू आहे. दुसरे कुठे गेलेत?"

"यायचेत."

"लवकर येतील ना? पाचला अंधार पडतो."

"बघू."

अधिकाऱ्याने लिहायचं ते लिहिलं आणि अकरा पावलं चालून निळ्या तंबूशी गेला. तिथे त्याने लिहिलं: क्षमता एक, उपस्थित एक, नियमानुसार. ऑर्लिनला दोघांचं बोलणं ऐकू येत होतं. लोवेल त्याला कॉफी देत होता. पोरगा बाहेरगावचा असावा, कारण तो पहिल्याच विचारण्याला हो म्हणाला.

दुकानाच्या तीस दिवसांतले चार उरले होते, पण तंबू भिजला होता, त्यामुळे तो परत जाणार नव्हता. दुसऱ्या आसनावरचं प्लास्टिक काढलेलं नव्हतं.