दुसरी चप्पल

कुंदामावशी चपला कधी जोडीने काढत नसत. कार्डिफला आमच्या मंडळाचा गणपती चर्चच्या हॉलमध्ये बसतो. तिथे त्यांची एक चप्पल दाराशी, तर दुसरी पार त्या टोकाला, रेडिएटरखाली. लहानपणी नाशिकला देवळाबाहेरून त्यांच्या कोऱ्या चपला गेल्या होत्या, तेव्हापासूनची ही खबरदारी. "एक चप्पल कोण नेतंय?" हा त्यांचा बिनतोड सवाल. मंडळात निम्मे डॉक्टर, उरलेले माझ्यासारखे सॉफ्टवेअरवाले. यातलं कोण चपला चोरणार, असं विचारलं की म्हणत, "माणूस शिकला म्हणून पाय थोडेच शिकतात?"

निघताना मावशी दाराशी एका पायावर उभ्या राहत आणि त्यांचे यजमान, आम्हा सगळ्यांचे काका, हॉलभर फिरून दुसरी चप्पल शोधून आणत. तोंडाने कुरकुर चालायची, पण ते काम त्यांनी कधी कुणाला करू दिलं नाही.

मावशी इथल्याच हॉस्पिटलात नर्स होत्या. रिटायर झाल्यावर क्योटोची देवळं बघायची, असं दोघांचं ठरलं होतं. पण काका त्याआधीच वारले. पुढे बरेच दिवस मावशींनी जपानचं नाव काढलं नाही. मग एका रविवारी पोहे खाताना मला म्हणाल्या, "तुझी ॲन्युअल लीव्ह उरलीय ना? येतेस? त्यांच्या वाटचंही मलाच बघायचंय, पण एकटीला जमेलसं वाटत नाही गं."

क्योटोत मात्र त्या माहेरी आल्यासारख्या वावरल्या. बुद्धासमोर त्यांनी मारुतीचं स्तोत्र म्हटलं. मी नुसतं बघितलं, तर म्हणाल्या, "ऐकणारा समजून घेतो." चपला तिथेही वेगवेगळ्याच. एक कप्प्यात, दुसरी छत्र्यांच्या स्टँडमागे. दर्शन घेऊन येतो तर स्टँडमागे काही नाही.

"गेली. जपानातसुद्धा," मावशी जवळजवळ समाधानाने म्हणाल्या. मी पायरीकडे बोट दाखवलं. दोन्ही चपला तिथे शेजारी शेजारी होत्या, तोंडं बाहेरच्या बाजूला. पाय सरकवायचा की चालू पडायचं.

मावशींना हे मुळीच आवडलं नाही. पुढच्या देवळात त्यांनी आणखी कडेकोट बंदोबस्त केला आणि दुसरी चप्पल कुंडीच्या आड दडवली. परत आलो, तर निळ्या कोटातले एक म्हातारे गृहस्थ ती चप्पल पहिलीच्या शेजारी सरळ करून ठेवत होते. मावशींना पाहून ते कमरेत वाकले आणि बाजूला झाले.

मला वाटलं, आता मावशी हसतील. त्या पायरीवर बसल्या आणि रडायला लागल्या.

"हे गेल्यापासून दुसरी चप्पल माझी मीच आणत होते गं."

मीही शेजारी बसून रडून घेतलं. मग डोळे पुसत मावशीच म्हणाल्या की चल, अजून देवळं बाकी आहेत.

परतल्यावर ही सवय सुटली असेल असं वाटेल. छे. फक्त आता हॉलच्या दाराशी उभ्या राहून त्या बिनदिक्कत विचारायच्या, "कोण आणतंय माझी चप्पल?" बहुतेक वेळा मीच जायचे.

गेल्या महिन्यात त्या लंडनजवळ स्लाऊला मुलीकडे कायमच्या राहायला गेल्या. आदल्या संध्याकाळी आमच्याकडे जेवल्या. पायात बूट होते, त्यामुळे मला शंका आली नाही. दुसऱ्या दिवशी केर काढताना आमच्या शू रॅकमागे त्यांनी क्योटोत घातलेल्या जोडातली एक चप्पल सापडली. मी लगेच फोन केला. मावशी, एक चप्पल राहिली तुमची, म्हटलं.

"राहिली नाही, ठेवलीय. दुसरी माझ्याकडे आहे. सवडीने आणून दे."

एक चप्पल कोण नेतंय? मी नेतेय. शनिवारी, रीडिंग स्टेशनला गाडी बदलून.