निळ्या ड्रमांचा नियम

यंदाच्या शर्यतीचे नियम लिहायला बसतो आणि पाचव्या मिनिटाला उठतो. पाणी पितो, पंखा बंद करतो, पुन्हा लावतो. "पायाला भिंगरी लागली का?" बायको विचारते. लागलीच आहे.

मी औंढ्याला शाळेत विज्ञान शिकवतो. त्याआधी कोकणात नावा बांधायच्या कारखान्यात सात वर्षं काढली. त्यामुळे सिद्धेश्वर धरणावर जोडनावांची शर्यत सुरू झाली तेव्हा नियमांचं काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं. जोडनाव म्हणजे शेजारी शेजारी दोन लांबट तराफे, त्यांना जोडणारे आडवे बांबू आणि वर शीड. पहिल्या वर्षी मी मोठ्या मनाने लिहिलं, नाव कशीही बांधा. शहरातल्या हौशी मंडळींनी फायबरची नाव ट्रकवर घालून आणली. बाकीचे अर्ध्या वाटेवर होते तेव्हा ही मंडळी काठावर चहा पीत बसली होती. खेळ पैशाचा झाला, पुढच्या वर्षी आम्ही येत नाही, असं निम्म्या संघांनी तिथेच सांगितलं.

मग मी चिडून दुसरं टोक गाठलं. दोन्ही बाजूंना तीन-तीन निळे ड्रम, शीड ताडपत्रीचं आणि चौकोनी, बाकी काही चालणार नाही. सगळ्यांच्या नावा सारख्या, म्हणजे खर्चही सारखा. स्वतःवरच खूश होतो मी.

गेल्या वर्षी शर्यतीच्या सकाळी टेप घेऊन नावा मोजत होतो, तेवढ्यात पलीकडच्या काठावरून एक नाव आली. वल्हं नाही, नुसत्या वाऱ्यावर. मी बाजारात जिच्याकडून मासे घ्यायचो ती बाई एकटीच त्यावर बसली होती. तिने नागनाथाला येणाऱ्यांनी टाकलेल्या पाण्याच्या बाटल्या वर्षभर वेचल्या होत्या आणि झाकणं घट्ट लावून जाळ्यात ठासून भरल्या होत्या. पुढे निमुळते झालेले दोन सुबक तराफे तयार झाले होते. शीड खताच्या पोत्यांचं, मधोमध फुगेल असं बेतलेलं. मला तसं जमलं नसतं, खोटं कशाला बोलू?

"जाळं तुमचंच?" मी विचारलं.

"व्हय सर. कापलं. बक्षिसात नवं जाळं हाय म्हणून कळलं ना."

मी टेप गुंडाळली, पुन्हा उलगडली. "ताई, बाटल्या नियमात बसत नाहीत. ड्रमच पाहिजेत."

"काहून?"

"खर्च वाढू नये म्हणून."

"मला तर कायबी खर्च न्हाई आला. ड्रमाला पैसे असते तर जाळंच घेतलं नसतं का?"

मागून फायबरवाल्या मंडळींपैकी, आता ड्रमांची नाव घेऊन आलेला, एकजण बोलला, "तिला सूट देता, मग आमालाबी बराबर द्या." मी कागदावरच्या ओळीवर बोट ठेवलं. खर्चाला वेसण घालायला गेलो आणि घातली तिच्या अकलेला. हे तेव्हाच कळलं होतं, तरी बोट काढलं नाही. भित्रा आहे मी.

शर्यत सुटली. सारख्या नावा सारख्याच रेंगाळत निघाल्या. त्यांच्यापासून बरंच लांबून ती आपली नाव घेऊन परत निघाली. तिला शर्यत करायची नव्हती, घरी जायचं होतं. एव्हाना वारा फिरला होता; तो मिळाला आणि बघता बघता ती सगळ्यांच्या पुढे गेली. तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. काठावरची माणसं शर्यत सोडून तिकडेच बघत होती. माझी शिट्टी तोंडातच राहिली. पहिला कोण आला, ते मला दुसऱ्यांनी सांगितलं.

नवं जाळं फायबरवाल्यांनाच मिळालं. त्यातल्या एकाने ते बंगल्याच्या फाटकावर वेल चढवायला बांधलंय. परवा जाताना पाहिलं.

ती बाई आता बाजारात बसत नाही. दुसऱ्याच्या रानात हळद काढायला जाते, असं शेजारची भाजीवाली म्हणाली. ड्रमांची ओळ मी खोडून टाकली आहे. खाली लिहिलंय, घरच्या वस्तूंची नाव कशीही बांधा. एवढं लिहून उठतो, दारापर्यंत जातो. तिला हे जाऊन सांगायला हवं, आणि तिच्याकडे आता कापायला जाळं नाही.