काठावर बसणारी आई

जर्मनीत, ड्रेस्डेनच्या तरणतलावावर ती मला दर शनिवारी भेटायची. आमच्या दोघींच्या मुली तिथे पोहायला शिकत होत्या. ती कृष्णवर्णीय, पण जन्म इथलाच. मी काहीही म्हटलं की आधी ‘गेनाऊ’, म्हणजे ‘अगदी बरोबर’, म्हणायची. केस खांद्यापर्यंत, अगदी सरळ. शिंतोडे उडाले की डोकं मागे घ्यायची, पाण्यात मात्र कधीच उतरायची नाही.

एकदा तिच्या लेकीने आपल्या कुरळ्या केसांवरून लांब टॉवेल सोडला आणि मान झटकत म्हणाली, “बघा, आता माझे केस छान झाले!” आम्ही हसलो. मग आईने आपल्या सरळ केसांवरून हात फिरवला.

“माझेही तिच्यासारखेच आहेत,” ती हळूच मला म्हणाली. “लहानपणापासून केमिकल लावून सरळ करते. तलावाच्या पाण्याने खराब होतात, म्हणून उतरत नाही. तिने माझे खरे केस कधी पाहिलेच नाहीत.”

त्यानंतर बरेच महिने ती डोक्याला रुमाल बांधून यायची. मग एका शनिवारी रुमाल नव्हता. सरळ केस कापून टाकले होते आणि डोकंभर दाट, बारीक कुरळे उगवले होते. तिचा हात सारखा उघड्या मानेकडे जात होता.

“कसं वाटतंय?” मी विचारलं.

“आल्झो... म्हणजे... भीती वाटतेय,” ती म्हणाली. पण त्या दिवशी ती पोहण्याचे कपडे घालूनच आली होती. क्लास संपल्यावर ती पाण्यात उतरली आणि डोक्यासकट बुडी मारून वर आली.

लेकीने जवळ येऊन आईच्या ओल्या केसांत दोन्ही हात खुपसले. “आई, किती मऊ आहेत!”

“हो ना?” ती म्हणाली. “मलाही माहीत नव्हतं.”